तिसऱ्याने लिहिलं

बर्फाळ दुलुथ गावात फेब्रुवारीत आभाळ भरलं की दुपारी तीनलाही दिवे लागतात. मी शेजारच्या मार्गिटचं, हॉटडिश भाजून पाठवलेलं भांडं परत करायला गेले होते, एवढंच. वर कोणी दिसेना, म्हणून तळघरात उतरले. शेजाऱ्यांत कसला आलाय परकेपणा?

खाली तीन कॉम्प्युटर होते. हॉस्पिटलात पाइप फुटल्यापासून रक्तपेढीच्या नोंदी मार्गिट इथूनच सांभाळायची, तिन्हींत सारख्याच. तिसरा मात्र कालच बिघडलेला, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला.

"लोर्ना, तुला दार वाजवता येत नाही का गं?"

"येतं की. पण मग तू सगळं आवरून ठेवतेस. चेहरा का असा?"

"हॉस्पिटलच्या साहेबांना घाई! आधी प्रत्येक यंत्र नोंद डिस्कवर उतरवायचं, मगच 'लिहिलं' म्हणायचं. वेळ लागायचा. आजपासून आधी 'लिहिलं' म्हणायचं, उतरवायचं सावकाश. दहापट वेग."

"आणि मध्येच वीज गेली तर?"

"तर उठल्यावर ही यंत्रं शपथेवर सांगतील, आम्हाला कोणी काही बोललंच नाही."

तेवढ्यात नोंद आली. दुर्मिळ रक्ताच्या शेवटच्या दोन पिशव्या ओपल नायबर्गसाठी राखा. चालू असलेल्या दोन्ही यंत्रांनी लगेच 'लिहिलं' म्हटलं.

"ओपल? बेकरीतली? अगं, तिचे बाळंतपणाचे दिवस भरलेत..."

आणि वीज गेली.

खिडकी बर्फाने बुजलेली. ओल्या लोकरीचा, तापलेल्या धुळीचा वास. आणि किरकिर... कोणी टोकदार काहीतरी सावकाश गिरवतंय तशी.

"मार्गिट... तूच गिरवतेयस ना?"

"मी नाही गं..."

वीज आली. दोन्ही यंत्रं उठली. ओपलचं नाव कुणाकडेच नाही! पिशव्या मोकळ्या, आणि शेजारच्या गावाने त्या मागितलेल्या.

तेव्हा भिंतीवर उजेड पडला. मी तिसऱ्याला वळवलं. 'ओपल नायबर्ग. दोन पिशव्या. लिहिलं.' त्याची वायर तर जमिनीवर वेटोळं करून पडली होती.

मार्गिटने हॉस्पिटलला फोन लावला. "पिशव्या हलवू नका. ओपलच्या आहेत." मग साहेबांना. "हळू तर हळू, साहेब. आधी उतरवायचं, मग बोलायचं. नाहीतर दुसरी बाई शोधा."

पलीकडून साहेब म्हणाले, "...बरं. कर तसं."

तेव्हापासून प्रत्येक 'लिहिलं' श्वासभर उशिरा येऊ लागलं. मला तो उशीर फार गोड वाटला.

निघताना तिसऱ्याकडे पाहिलं. ओपलच्या नावाखाली नवी ओळ होती. 'मुलगी. दोघी सुखरूप. चार वाजून दहा मिनिटं.'

मी घड्याळ पाहिलं. साडेतीन व्हायचे होते.