काढून टाकलेला आवाज

श्रीपादने दोन माइक काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "राहता कुठे?"

"भोसरीत. एमआयडीसीला लागूनच. चौथा मजला," निरंजन म्हणाला.

"मग हा घ्या, डायनॅमिक. तोंडापाशी धरला की तेवढंच ऐकतो. बाकी जगाशी याला देणंघेणं नाही." मग श्रीपादने दुसरा, जाड जाळीचा माइक उचलला. "हा कंडेन्सर. याचे कान फार तिखट. भिंतींना गाद्या लावलेली बंद खोली असेल तर याच्यासारखा दुसरा नाही. पण तुमच्याकडे नुसता मनस्ताप होईल, निरंजनराव."

चिंचवडगावातलं श्रीपादचं दुकान लहान होतं, पण माणूस जाणकार होता. माल खपवण्यापेक्षा गिऱ्हाइकाला समजावण्यात त्याला जास्त गोडी. निरंजनने मान डोलावली, बोट मात्र कंडेन्सरवरच ठेवलं. मोठे गायक ज्याच्यासमोर उभे राहतात तो हाच माइक, हे त्याने मोबाइलवर शंभरदा पाहिलं होतं. वर्कशॉपमध्ये मशिनी दुरुस्त करता करता त्याची चाळिशी आली होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी त्याचं गाणं मागितलं होतं. समर्थ नावाचा एक जण गणपतीच्या गाण्यांचा संच काढणार होता. फोनवर गाणं ऐकून तो म्हणाला होता, "आवाज चांगलाय. नीट रेकॉर्ड करून शुक्रवारपर्यंत पाठवा. मागे खडखडाट नको."

शेवटी श्रीपादने कंडेन्सर बांधून दिला. माइक लॅपटॉपला जोडायचा डबा, कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणि एक स्टँडही दिला. सॉफ्टवेअर फुकटातलंच सुचवलं आणि त्यातली एक सोय दाखवली. रिकाम्या खोलीचा दहा सेकंदांचा नमुना दिला की सॉफ्टवेअर तो आवाज ओळखून गाण्यातून गाळून टाकतं. "आणि हे बटण. काय गाळलं, तेवढंच ऐकायचं असेल तर. कधी कधी गाळताना आपलाच आवाज जातो, म्हणून तपासायचं."

भोसरीत गुरुवार म्हणजे कारखान्यांची सुट्टी. एरवी खालच्या गल्लीतले पॉवर प्रेस सकाळी आठपासून जमीन हादरवत असतात. त्या गुरुवारी सगळं गप्प होतं. शुभदा, निरंजनची बायको, चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात होती. तिला सुट्टी रविवारची, त्यामुळे ती पहाटेच्या बसने पहिल्या शिफ्टला गेलेली. घरात निरंजन आणि त्याचे वडील रंगराव, दोघंच.

निरंजनने पंखा बंद केला. फ्रिजचं बटण बंद केलं, भिंतीवरचं घड्याळ उतरवून गादीखाली घातलं. हेडफोन लावले आणि एकदम दचकला. कानात कोणीतरी शीळ घालत होतं. आत ओढताना बारीक, सोडताना जाड, घरघरती.

रंगराव आतल्या खोलीत पलंगावर बसले होते. मधे दार नव्हतं, नुसता पडदा. बीडकडून येऊन एकतीस वर्षं त्यांनी फाउंड्रीत वाळूचे साचे फोडले होते. ती वाळू आता छातीत जाऊन बसली होती.

"अण्णा, तुमचा श्वास येतोय रेकॉर्डिंगमध्ये."

"व्हय का?" म्हातारा ओशाळला. "मग मी खाली जाऊन बसू का, लेका?"

खाली जायचं म्हणजे चार जिने, आणि लिफ्ट नाही. उतरले असते तर संध्याकाळपर्यंत वर आले नसते. निरंजनची नजर हॉलला लागून असलेल्या गॅलरीकडे गेली. धूळ येते म्हणून ती त्याने तिन्ही बाजूंनी पत्रे ठोकून बंद केली होती. आत वॉशिंग मशीन, कपड्यांच्या दोऱ्या आणि एक प्लास्टिकची खुर्ची. दार जाडजूड.

मे महिना होता. दार उघडलं तेव्हा आतून तव्यासारखी धग आली.

रंगराव आत जाऊन खुर्चीवर बसले. खांद्यावर टॉवेल, मांडीवर पाण्याचा तांब्या.

"मी 'झालं' म्हणेपर्यंत आवाज करायचा नाही हं, अण्णा."

"न्हाई करत. तू गा."

दार वाऱ्याने वाजू नये म्हणून निरंजनने बाहेरून कडी घातली.

पहिला टेक अर्ध्यावर मोडला. गॅलरीतून 'फुस्स' असा आवाज आला. दम्याचा पंप. निरंजनने थांबून पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या टेकला वरचा सूर असा लागला की त्याच्याच अंगावर काटा आला, आणि नेमकं तेव्हाच पुन्हा 'फुस्स'. त्याने हेडफोन भिरकावले, कडी काढली. रंगराव घामाने निथळत होते. त्यांचे ओठ जांभळट दिसत होते. हे निरंजनने पाहिलं. पाहिलं नाही असं नंतर त्याला स्वतःलाही म्हणता आलं नाही.

"तो पंप द्या इकडे."

"पाचच मिन्टं ऱ्हाऊ दे माझ्याकडं... जीव घाबरतोय रं."

"पाचच मिनिटं म्हणतोय मीही. आयुष्यात एकदा संधी आलीय, अण्णा. एकदा तरी गप बसा ना माझ्यासाठी!"

रंगरावांनी मुलाकडे बघितलं. मग स्वतःच्या हाताने पंप पुढे केला. निरंजनने पुन्हा कडी घातली.

पाच मिनिटांचा सव्वा तास झाला. चौथ्या टेकला खोकला आला, पाचव्याला खुर्ची करकरली, सहाव्याला दारावर काहीतरी हलकेच घासल्यासारखं झालं. निरंजनने तिकडे बघायचंही टाळलं. सातव्या टेकला मात्र गॅलरीतून काहीही आलं नाही. 'आत्ता कुठे म्हाताऱ्याला समजलं,' असं त्याच्या मनात आलं आणि तो मन लावून गायला. संपल्यावर त्याने ते गाणं दोनदा ऐकलं. मग पाणी प्यायला. मग दार उघडलं.

रंगराव खुर्चीतच होते. डोळे उघडे. खोकला बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी टॉवेलचा बोळा दातांत धरला होता, तो पार घशापर्यंत गेला होता.

 मग त्याने टॉवेल ओढून काढला, झटकला, त्यांच्या खांद्यावर ठेवला. पंप त्यांच्या सदऱ्याच्या खिशात सरकवला. कडीवरून पुसल्यासारखा हात फिरवला, जणू तिथे काही लागलं होतं. आणि त्यानंतर शुभदाला फोन केला.

डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, उन्हाळा बाधला. शुभदा रडत रडत एवढंच म्हणाली, "अण्णा गॅलरीत कशाला गेले हो भर उन्हात?"

"वाळलेले कपडे काढायला गेले असतील," निरंजन म्हणाला.

तिसऱ्या दिवशी, राख सावडून आल्यावर, त्याने समर्थला गाणं पाठवलं. उशीर का झाला तेही कळवलं. समर्थचा फोन दहाव्याचे विधी उरकल्यावर आला. "वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. गाणं छानच झालंय, संचात पहिलंच ठेवतो. एकच करा. मागे कोणीतरी श्वास घेतंय, तेवढं काढा."

"श्वास? नाही... त्या टेकमध्ये नाही."

"अहो, हेडफोन लावून ऐका. सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे. दमेकऱ्यासारखा."

निरंजनने ऐकलं. गाण्याच्या मागे शीळ होती. आत ओढताना बारीक, सोडताना जाड. सातवा टेक होता. त्याने दार उघडलं तेव्हा अण्णांचे हात गार पडायला लागले होते. त्या खोलीत, त्या धगीत, गार.

त्याने ठरवलं की हे मशीनचं काहीतरी असणार. वायर, डबा, काहीतरी. पुढच्या गुरुवारी शुभदा शिफ्टला गेल्यावर त्याने सगळं पुन्हा मांडलं. गॅलरीचं दार उघडून आत डोकावला. रिकामी खुर्ची, दोरीवर शुभदाच्या दोन ओढण्या. पुन्हा कडी घातली. खोलीचा नमुना घ्यायला तो माइकपासून लांब जाऊन उभा राहिला आणि दहा सेकंद हललासुद्धा नाही. पडद्यावर आवाजाची हिरवी पट्टी असते. काही ऐकू आलं की ती उसळते. खोलीत टाचणी पडल्याचाही आवाज नव्हता, आणि पट्टी संथ लयीत वर-खाली होत होती.

सॉफ्टवेअरने तो नमुना घेतला, गाण्यातून तेवढं गाळलं. गाणं स्वच्छ झालं. काचेसारखं. निरंजनच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

तिथेच त्याने थांबायला हवं होतं. पण आपला आवाज तर गेला नाही ना, हे तपासायचं होतं. त्याने ते बटण दाबलं. काय गाळलं, तेवढंच.

शीळ आली. मग, पहिल्या कडव्याच्या जागी, अगदी दबक्या आवाजात...

"झालं का रं?"

निरंजनने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. काढावेसे वाटत होते, पण हात ऐकेनात.

"झालं का?... निरू, झालं का रं?"

प्रत्येक ओळीनंतर. विचारायचं, मग वाट पाहायची, मग पुन्हा विचारायचं. आवाजात राग नव्हता. कुरकुरही नव्हती. बसमध्ये पोराला स्टॉप आला का विचारावं तितक्या साधेपणाने म्हातारा विचारत होता. आणि निरंजनला तेव्हा लख्ख आठवलं की त्या दिवशी दार उघडताना, आणि त्यानंतर कधीही, तो शब्द आपण उच्चारलेलाच नाही.

तो हुंदके देत उठला. स्टँड उचलून माइक गॅलरीच्या दारापाशी नेला. हेडफोन कानावरच होते. रेकॉर्डिंग सुरू केलं आणि दाराला कपाळ टेकवलं.

"झालं, अण्णा," तो म्हणाला. "झालं... माझं चुकलं. मी पंप घेतला. मला दिसत होतं सगळं. आता मोकळे व्हा. झालं."

शीळ थांबली.

बराच वेळ कानात काहीच नव्हतं. निरंजनने डोळे पुसले. आणि मग दाराच्या पलीकडून, अगदी त्याच्या कपाळाच्या उंचीवर, एक आवाज आला. तो रंगरावांचा नव्हता. घरघर नाही, बीडकडचा हेल नाही. स्वच्छ, ताजातवाना, कोणत्याही वयाचा असू शकेल असा.

"ते तर त्याच दिवशी गेले," आवाज म्हणाला. "टॉवेल तोंडात धरला त्यानंतर लगेचच. त्यांनी एकदाही काही विचारलं नाही तुला."

निरंजनने दारावरचं कपाळ उचललं.

"मी विचारत होतो," आवाज म्हणाला. "कडी काढ."

तो मागे सरकला. हेडफोन कानांवरून घसरून गळ्यात पडले. उघड्या कानांना खोलीत काहीही ऐकू येत नव्हतं, फक्त दूर नाशिक रस्त्यावरच्या गाड्या. कडी जागच्या जागी होती. तो भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि कडीकडे बघत राहिला. मोबाइल टेबलावर होता, तिथपर्यंत जायचं त्याला धाडस झालं नाही. दुपार कशी सरली ते त्याला कळलं नाही.

साडेचारला बाहेरच्या दारात किल्ली फिरली. शुभदा आली. बॅग खुर्चीवर टाकली, चपला काढल्या.

"काय हो, असे खाली का बसलाय? आणि फ्रिज का बंद?"

बोलता बोलता ती गॅलरीकडे निघाली. आल्यावर दोरीवरचे वाळलेले कपडे काढायची तिची रोजची सवय. निरंजनने तोंड उघडलं. 'नको' म्हणायचं होतं, ओरडायचं होतं.  त्याने हात उचलला, तोवर तिने कडी काढली होती.

ती आत गेली. दार तिच्यामागे आपोआप लोटलं गेलं.

एक मिनिट गेलं असेल. कदाचित दोन. मग दार उघडून ती बाहेर आली. हातावर दोन ओढण्या, नीट घडी घातलेल्या. चेहरा तोच. कपाळावरचा घामही तसाच. निरंजनला इतका धीर आला की त्याला हसूच फुटलं.

"शुभदा..." तो म्हणाला. टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये हिरवी पट्टी टुणकन उसळली. रेकॉर्डिंग दुपारपासून सुरूच होतं.

ती माइकच्या अगदी जवळ, वीतभर अंतरावर येऊन थांबली. "अहो, असं काय बघताय माझ्याकडे?" ती म्हणाली. "चहा टाकू का? काय झालंय तुम्हाला? बोला ना." ती बोलत राहिली, नेहमीच्या खणखणीत आवाजात, आणि निरंजनला तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

त्याने आवंढा गिळला. पट्टी किंचित उसळली आणि पुन्हा खाली आली.

शुभदा बोलतच होती. पट्टी हलत नव्हती.