मला सोडून सगळ्यांना विचारलं

माझ्या म्हशीनं त्याचा रुमाल खाल्ला, तिथून सगळं सुरू झालं.

चारा छावणीत पाण्याचा टँकर आलेला, जनावरांची ही रेटारेटी, अन् हा उंच पोरगा ऐन वाटेत उभा. "आवो, सरका की! म्हैस काय पाहुण्यातली हाय का तुमच्या?" मी ओरडले. तो वळून बघेस्तोवर म्हशीनं त्याच्या गळ्यातला रुमाल ओढून चघळायलाही घेतला.

"राहू द्या," तो हसून म्हणाला, "दुष्काळात तिला तरी पोटभर मिळू दे."

मेलं, तिथंच काळीज हाललं.

उत्तरेश्वर त्याचं नाव. औरंगाबादच्या विद्यापीठातून आलेला. छावणी कुठं बसवायची, पाणी आधी कुणाच्या जनावराला, हे गावात नेमकं कोण ठरवतं, यावर त्याचं संशोधन. छावणी आमची दूध संस्था चालवायची, आणि मी संस्थेची संचालक. बायांच्या राखीव जागेवरची खरी, पण नुसती सही करून घरी जाणारी नव्हे! छावणी विहिरीजवळ आणायला मीच भांडले होते.

मला सोडून त्यानं सगळ्या संचालकांना विचारलं. मंजुळाकडं तर रोजच जायचा! आम्ही दोघीच बाया संचालक, दोघी बिनलग्नाच्या. तिच्या ओट्यावर चहा घेत हा कडब्याचं विचारायचा, मान डोलवायचा, अन् ती बया ओढणी सावरत हसायची. कडब्यात हसण्यासारखं काय असतं, सांगा बरं! आणि मी दिसले की, "जानकी, म्हैस बरी आहे ना?" बस्स. माझ्या अंगाची नुसती लाही लाही.

मग सभा आली. त्याला अजून महिनाभर राहून आमच्या सभांना बसायचं होतं. मंजुळानं तसा ठराव मांडला. आमच्याकडची रीतच अशी, की बाईच्या ठरावाला अनुमोदन बाईनंच द्यायचं; गडीमाणसं हात वर करत नाहीत.

"जानकी?" चेअरमन धर्मराज आप्पांनी विचारलं.

मी खिडकीबाहेर बघत बसले. ठराव पडला.

संध्याकाळी तो बॅग घेऊन फाट्यावर निघालेला दिसला. धावतच गाठलं त्याला.

"कावून गप बसलात?" आता तोही आमच्यासारखा बोलायला लागला होता.

"तुमी मला कावून इचारलं न्हाई? मंजुळाच तेवढी शहाणी हाय का?"

तो पायानं माती उकरत म्हणाला, "नियम आहे आमच्यात… ज्याच्यात आपला जीव अडकलाय, त्याची मुलाखत घ्यायची नाही. तुमचं नाव मी पहिल्याच आठवड्यात विद्यापीठातल्या सरांना सांगून यादीतून काढलं."

"काय सांगितलं सरांना?"

"हेच… की माझे हितसंबंध गुंतलेत."

"अजून तर कायबी न्हाई गुंतलं!"

"म्हणून तर महिनाभर मागत होतो," तो म्हणाला, आणि त्यानं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं.

गेवराईची जीप येऊन थांबली. "जा बाबा फुडं," मी ड्रायव्हरला म्हणाले, "पाहुणे न्हाई येत."

तशीच मंजुळाच्या दारात गेले. मान खाली घालून म्हणाले, "मंजुळे, ठराव परत मांड. चुकलं माझं."

"लई उशिरा डोकं आलं," ती म्हणाली. "रोज येऊन कडब्याचं एक इचारायचा, अन् तुझं दहा. हसू न्हाई येणार तर काय!"

मी तिला मिठीच मारली. पण खरं सांगू? त्याला ओट्यावर बसवायचं तेवढं तिनं त्या दिवसापासून बंद करावं, असंच मनात होतं… आणि तसं मी तिला सांगूनही टाकलं.