बावीस हात पाणी

मंगरूळपीरच्या बसस्टँडवरून दर्ग्याकडे जाताना डाव्या हाताला माझं दुकान आहे. छत्र्या, स्टोव्ह, कुलपं दुरुस्त करतो आणि मासेमारीचं सामान विकतो. तंगूस म्हणजे गळाचा बारीक धागा, शिशाचे गोळे, नायलॉनची दोरी, गळ. गळ नुसते विकत नाही, तंगूसला बांधून विकतो. एका पुठ्ठ्यावर बारा. अनसिंगचे लोकही आमचाच पुठ्ठा मागायचे.

आमचा म्हणजे माझा आणि जैतुनबीचा. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की आम्ही दोघं समोरासमोर बसून गळ बांधायचो. गळाच्या दांडीवर तंगूसचे सात वेढे द्यायचे, टोक आत घालून ओढायचं. माझे वेढे उजवीकडे जातात. ती डावखुरी होती, तिचे डावीकडे जायचे. मी उरलेलं टोक काडीनं जाळायचो, ती दातानं तोडायची. गिऱ्हाइकाला यातलं काही दिसत नसे. मी मात्र नुसतं बोट फिरवून सांगू शकायचो, गाठ कोणाची ते.

"तुमची गाठ पाहून मासा हसते," ती म्हणायची.

"हसू दे. तोंड तर उघडते ना."

सोमवारी दुकान बंद. आम्ही मोटारसायकलवर धरणावर जायचो. चौदा किलोमीटर. तिथं हेमसिंगचा डोंगा असतो. हेमसिंग तिथला जुना मच्छीमार, माझ्याच वयाचा, माझ्याकडूनच सामान घेतो. आम्ही त्याचा डोंगा घेऊन आत जायचो.

मोठ्या पाण्यात काठावर बसून गळ टाकण्यात अर्थ नसतो. ऊन चढलं की मोठा मासा खाली थंड पाण्यात जातो, त्याच्याकडे आपणच जावं लागतं. जाड दोरीच्या टोकाला शिसं बांधायचं. त्याच्या वर एकेका हातावर बारा गळ. दोरी सोडायची, शिसं तळाला टेकलं की दोन हात वर घ्यायची आणि डोंगा हळूहळू वल्हवत दोरी मागून ओढत न्यायची. सगळं खोली माहीत असण्यावर आहे. म्हणून दोरीला दर दहा हातांवर लाल चिंधी बांधलेली असते. मी वल्हवायचो. जैतुन दोरी सोडायची आणि हात मोजायची.

वाळलेल्या बाभळीचं एक खोड पाण्याबाहेर आलेलं आहे. पावसाळा संपला की त्याच्याजवळ बावीस हात पाणी असतं. आमची नेहमीची जागा ती.

गेल्या नोव्हेंबरात, दुसऱ्या सोमवारी, अकराच्या सुमारास तिथंच दोरीला काहीतरी लागलं.

"वजनदार हाय हं," जैतुन म्हणाली. ती हसत होती.

"सोडू नोको," मी म्हणालो.

दोरी कधी हाताला गुंडाळायची नाही. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, शाळेतल्या पोरांनाही सांगतो. दोरी तिच्या हातातून सरकत होती. तिनं डाव्या पंजाला एक वेढा घेतला. मी तो पाहिला. पाहून बोललो नाही, कारण मासा मोठा वाटत होता.

डोंगा कलला आणि ती गेली. ओरडलीसुद्धा नाही.

मला पोहता येतं. मी तीनदा खाली गेलो. हात लांब केला की बोटं दिसत नव्हती, इतकं हिरवं पाणी होतं. नंतर बोटी आल्या, पाणबुडे आले, तीन दिवस शोधलं. ती मिळाली नाही. दोरीही मिळाली नाही.

जानेवारीत माझा धाकटा भाऊ नोमान घरी आला. चहा झाल्यावर म्हणाला, "भाईजान, किती दिवस वाट पाहान? फातिहा देऊन टाकू. लोक इचारून राह्यले."

"मयत घरी आल्याबगर कशाचा फातिहा?"

"नाई आली तर?"

"मी आणतो," मी म्हणालो.

मला तेवढंच हवं होतं. तिला मातीत ठेवायचं. बाकी कशाची माफी मिळणार नाही हे मला कळत होतं, पण माणसाला आपल्या बाईला माती तरी देता आली पाहिजे.

फेब्रुवारीपासून मी रोज जायला लागलो. दुकान माझी मुलगी इफ्रा उघडायची. मी मोठे गळ घेतले, मरळीसाठी वापरतात ते. कपड्यात अडकावेत म्हणून. हेमसिंगनं डोंगा दिला. शेत नांगरतात तसं मी पाणी वाटून घेतलं होतं. खोडापासून काठापर्यंत एक ओळ, तिथून परत दुसरी. दोरी मागं, शिसं तळाला घासत. गाळ यायचा, काटक्या यायच्या, एकदा कोणाचा तरी जुना शर्ट आला. तो हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. तो गडीमाणसाचा होता.

एकदा ताट समोर ठेवून इफ्रा म्हणाली, "अब्बा, तुमी अम्मीले गळ लावून काढान? मासा हाय काय ते?"

मी ताटाला न शिवता उठलो. तिनं ताट झाकून ठेवलं.

मार्चच्या शेवटी, खोडाजवळून दोरी वर घेताना, शिशाकडून तिसऱ्या गळावर माझं बोट थांबलं. वेढे डावीकडे गेलेले होते.

मला वाटलं, घरातला तिनं बांधलेला जुना गळ चुकून आला. घरी तिचे काही पुठ्ठे होते. मी ते मोजून इफ्राच्या कपाटात ठेवले आणि कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी लाल तंगूसचं नवं रीळ फोडलं. तो रंग आम्ही कधी वापरला नव्हता. काठावर हेमसिंगच्या समोर बसून बारा गळ बांधले, बाराही टोकं जाळली.

"पाहून घे," मी म्हणालो.

"काय पाहू? गळ हायेत."

"वेढे कोणीकडे जाऊन राह्यले ते पाह्य."

त्यानं पाहिलं. "उजवीकडं. मंग?"

आम्ही दोघं डोंग्यात बसलो. खोडाजवळ दोरी सोडली, अर्धा तास ठेवली, वर घेतली. खालचे चार गळ डावीकडच्या वेढ्यांचे होते. तंगूस लाल होता. टोकं जाळलेली नव्हती. दातानं तोडलेली होती.

हेमसिंगनं एक गळ हातात घेतला, पाहिला, परत ठेवला. मग हात धोतराला पुसले.

"तुमीच बांधले असान, भाऊ. ध्यानात नसन राह्यलं."

"तुझ्या डोळ्यासमोर बांधले."

मी दोरी पुन्हा सोडली. तेव्हा पाणी उतरलेलं होतं, खोडाजवळ चौदा हात असायला हवं होतं. पहिली चिंधी गेली. दुसरी गेली. तिसरी गेली तेव्हा हेमसिंग उठून उभा राहिला. शिसं टेकत नव्हतं.

"वाहून राह्यली असन दोरी," तो म्हणाला. पण वारा नव्हता आणि दोरी सरळ खाली जात होती.

त्यानं डोंग्यातला लांब बांबू उचलला आणि दोरीला लागूनच खाली घातला. चौदा हातांवर बांबू टेकला. त्यानं दोनदा दाबून पाहिला आणि वर काढला. टोकाला काळा गाळ होता. त्याच्या शेजारून, वीतभर अंतरावरून, माझी दोरी खाली जातच होती. साठ हातांवर ती संपली. शिसं मोकळं लोंबत होतं.

"काठावर घ्या डोंगा," हेमसिंग म्हणाला. "मले सोडा आन् मंग तुमाले काय करायचं ते करा."

त्यानंतर तो माझ्याबरोबर डोंग्यात बसला नाही. डोंगा मात्र देत राहिला.

मी दुकानातून अख्खं बंडल आणलं. नवी दोरी जुन्या दोरीला जोडली, तिलाही लाल चिंध्या बांधल्या. ऐंशी, शंभर, एकशेवीस. एप्रिलच्या नऊ तारखेला, भर बारा वाजता, एकशेचाळीस हातांवर दोरी थांबली.

तळ लागला की दोरी सैल पडते. ही पडली नाही. मासा असला की झटके देतो, पळतो, थकतो. हे तसं नव्हतं. दुसऱ्या टोकाला कोणी नुसती धरून उभं असावं, तसं होतं.

मी पाच हात ओढली. पाच हात आली. मी थांबलो. थोड्या वेळानं दोरी माझ्या हातातून पाच हात परत गेली. ओढून नेल्यासारखी नाही. आपण भरून दिलेली बादली कोणी हातातून घ्यावी, तशी.

"जैतुन," मी म्हणालो.

पाण्यावर काही हललं नाही.

मी पुन्हा ओढली. पुन्हा पाच हात आली, पाच हात गेली. असरच्या नमाजपर्यंत, दुपार कलेपर्यंत, मी हेच केलं. तळवे सोलले. मग दोरीचं टोक बाभळीच्या खोडाला बांधलं आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी गेलो, दोरी ताठच होती.

पुढचा सव्वा महिना मी रोज ओढली. एकदा दोन्ही पाय डोंग्याच्या कडेला लावून सगळा जोर केला. सहावा हात आला नाही. मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. शिव्या दिल्या. पाया पडलो. धरून ठेव म्हणालो. तुला काढल्याशिवाय मी जात नाही म्हणालो. तेवढं करूनही पाच हातांच्या वर काही आलं नाही.

मेच्या अठरा तारखेला सकाळी आठ वाजता हेमसिंगचा फोन आला.

"भाऊ, इकडं या. पान्याच्या टाकीची मोटर हाय ना, तिकडं. इफ्राले आनू नोका."

ती जागा धरणाच्या दुसऱ्या टोकाला आहे. खोडापासून दोन किलोमीटर तरी असेल. पाणी मागं हटलं होतं आणि झुडपांच्या मुळांत ती होती. सहा महिन्यांनी जे राहतं तेवढीच. तपकिरी स्वेटर मीच घेतलेला, वाशिमच्या बाजारातून. पायाच्या बोटात चांदीचा छल्ला होता. पुढच्या दोन दातांमधली फट मला ओळखता आली. हेमसिंग माझा दंड धरून उभा होता.

"वयनीच हाय," तोच म्हणाला. मी मान हलवली.

पोलिसांचे कागद, दवाखान्यातले कागद झाले. शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर तिला दफन केलं. जे होतं ते बायांनी जमेल तसं धुतलं, कफन दिलं. आमचं कब्रस्तान टेकाडावर आहे. तिथं माती नाही, लाल मुरूम आहे, पहारीनं खणावा लागतो. मी तीन मुठी टाकल्या. मुरूम नखांत गेला, संध्याकाळपर्यंत निघाला नाही. इफ्रा नोव्हेंबरपासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली. त्या रात्री मी झोपलो. सकाळी उठून दोन भाकरी खाल्ल्या. इफ्रा दाराआडून पाहत होती, हे मला माहीत होतं.

सोमवारी मी धरणावर गेलो. दोरी अजून खोडाला बांधलेली होती. कोणाच्या जाळ्यात अडकली असती. आपलं सामान आपण काढून न्यावं, एवढंच मनात होतं.

"आता कायले चालले?" हेमसिंग काठावरून म्हणाला. "मानूस मातीत गेलं ना."

"दोरी सोडून आणतो."

"कापून टाका. दोरीचं काय मोल हाय."

"आणतो," मी म्हणालो.

खोडाजवळ आता जेमतेम नऊ हात पाणी होतं. ऊन सरळ आत जात होतं. वल्ह्यानं ढवळलं की काळा गाळ वर यायचा. मी गाठ सोडली आणि दोरी हातात घेतली.

ती ताठ होती.

मी हळू आवाजात म्हणालो, "जैतुन, आता सोड. झालं सगळं."

मी ओढली. पाच हात आली. ओली होती, शेवाळानं बुळबुळीत झालेली. मी थांबलो आणि वाट पाहिली.

या वेळी ती परत गेली नाही.

मी पुन्हा ओढली. सहावा हात आला. सातवा आला. लाल चिंधी वर आली, मग दुसरी. काही जोर लागत नव्हता. पायाशी दोरीचा ढीग झाला. काठावर हेमसिंग कपाळावर हात धरून माझ्याकडे पाहत उभा होता.

नववी चिंधी आली. दहावी आली.

अकराव्या चिंधीनंतर हाताला काहीतरी वेगळं लागलं.

दोरी कोरडी होती. माझ्या डोळ्यांसमोर पाण्यातून वर येत होती आणि कोरडी होती. उन्हात वाळत घातलेल्या दोरीसारखी खरखरीत.

मी ओढायचा थांबलो. खाली पाणी शांत होतं. मी तळवे उघडले.

दोरीच्या पिळांत लाल मुरूम भरला होता.