हुबेहूब चाकाचं कोडं

चाक नवं, साखळीही नवी. मग साखळी उडत का होती?

आमच्या बायकांच्या गटाचं मळणी यंत्र बंद, ज्वारीची कणसं खळ्यात उघडी आणि आभाळ भरून आलेलं. पुढच्या सालचं बी त्यातच होतं. गटाची प्रमुख मी, पण माझंच डोकं चालेना.

आधीचं स्प्रॉकेट (साखळी ओढणारं दातेरी चाक) झिजलं होतं. परदेशातून नवं यायला महिना लागणार. म्हणून गावच्या कारखान्यातल्या घडणे या यंत्रमानवाला सांगितलं. त्यानं जुन्या चाकावर उजेड फिरवून माप घेतलं (याला स्कॅनिंग म्हणतात) आणि पोलादाची भुकटी थरावर थर वितळवून चाक घडवलं.

"का रे, माझ्या ज्वारीशी वैर आहे का तुझं?"

"आजी, नक्कल हुबेहूब आहे. केसाचाही फरक नाही."

"मग साखळी का उडते?"

"कळत नाही."

पोलाद कच्चं म्हणावं, तर त्यावर कानसही चालेना. मी पुरती चक्रावले.

माझी नात रुंजी दोन्ही चाकं मांडीवर घेऊन बसली. "आज्जी, नव्याचे दातही वाकडे आहेत."

"जुन्याचे वाकडे, म्हणून याचे वाकडे. हुबेहूब म्हणाला ना तो?"

"अगं, जुनं झिजून वाकडं झालं. यानं झीजसुद्धा मापली. घासलेली चप्पल दाखवलीस, तर चांभार नवी चप्पल घासून देईल का?"

"देऊन बघू दे," मी म्हणाले, आणि मग कुठे उजेड पडला.

"पण मूळ आकार माझ्याकडे नाही," घडणे म्हणाला.

पुन्हा सगळं अडलं. रुंजी दातांवरून बोट फिरवत राहिली. "साखळी प्रत्येक दाताला एकाच बाजूनं घासते. तीच बाजू झिजली, दुसरी शाबूत आहे. आरशात दिसते तशी ती उलटी करून झिजलेल्या बाजूला लाव."

"हे मला सुचलं नाही."

"तुला सांगितलंच नव्हतं कुणी," मी म्हटलं. "घे करायला."

पाऊस आला तेव्हा ज्वारी पोत्यात होती.

परवा शेजारच्या गावात नवं यंत्र आलं. बायका हळदकुंकवाचं ताट घेऊन उभ्या. मी आडवी आले. म्हटलं, पूजा थांबेल. कोरं आहे तोवर आधी त्याच्या प्रत्येक सुट्या भागाचं माप घ्या. मला हट्टी म्हणाल्या. म्हणू देत. रुंजी आणि घडणे अजून तिथंच मापं घेत बसलेत.