काट्याची थाप

"एकही बुडबुडा नाही!" भुंगा चिखलात पालथा पडून ओरडला. साबणाचं पाणी त्याच्या कोपरांवरून ओघळत होतं. "व्हॉल्ववर नाही, कडेला नाही, कुठ्ठे नाही!"

"मग हवा जाते कुठे? फिरायला?" वकील म्हणाला. हा मामाचा मुलगा. 'सूर्य पूर्वेला उगवतो' म्हटलं तरी पुरावा मागायचा, म्हणून वकील. भुंगा सदा गुणगुणायचा, म्हणून भुंगा. त्याची तेरा वर्षांची बहीण मात्र दोघांचीही नुसती ताई.

ताई घड्याळ बघत होती. सव्वानऊ. आईचं जहाज दोनला बंदरात लागणार होतं आणि चारला निघणार होतं. आई त्या जहाजाची इंजिनं सांभाळायची. सात महिन्यांनी भेट, तीही दोन तासांची! पुढची कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बंदर चार तासांवर होतं. आणि मामाची घरगाडी, आत ओटा, बेसिन, बिछाने असलेलं ते अगडबंब धूड, मागच्या डाव्या चाकावर बसकण मारून उभं होतं.

कालपासून मामाने त्या चाकात तीनदा हवा भरली होती. हवेचा दाब किती हवा, ते दारावरच्या पट्टीवर लिहिलेलं: पासष्ट, पंपाचा काटाही दर वेळी पासष्टवर. तरी चाक चपटंच!

"अशा चाकावर गाडी पळवली तर टायर तापून फुटेल," मामा कपाळ पुसत म्हणाला. "थांबा, चौथ्यांदा भरतो."

मुठीएवढा पंप तडतडायला लागला. काटा पासष्टला टेकताच मामाने घाईघाईने नळी फिरवून काढली. पंप अजून चालूच होता.

"मामा, आधी पंप बंद कर ना."

"खुळी की काय तू! बंद केला की चाकातली हवा नळीतून उलटी येईल. वीस वर्षं मी असंच काढतोय."

मामा हात धुवायला गेला. ताई मात्र चाकाकडे बघत राहिली. हवा गळत नव्हती, हे साबणाने सांगितलं होतं. मग...

"ए वकिला," ती हळूच म्हणाली, "हवा गेलीच नसेल तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे आत शिरलीच नसेल तर? नळी लाव. काटा पासष्टवर आला की पंप बंद कर. नळी मात्र काढायची नाही!"

पंप तडतडला. पन्नास... साठ... पासष्ट. वकिलाने बटण दाबलं. आणि काटा सर्रकन खाली आला! थेट पंचेचाळीसवर!

"थापाड्या!" भुंगा किंचाळला.

"थापाड्या नाही रे," ताई म्हणाली. "शाळा सुटताना दारात कशी चेंगराचेंगरी असते? तेव्हा दारातली मुलं मोजून कुणी म्हणालं, रस्ता भरला, तर? पंप चालू असताना काटा नळीतली गर्दी दाखवतो. चाकातली हवा कळायला पंप थांबवावा लागतो."

मामा परत आला तेव्हा तिघांनी त्याला तेच पुन्हा करून दाखवलं. मामा पायरीवर मटकन बसला. "वीस वर्षं!" एवढंच तो म्हणाला.

"बाबा, नंतर बसा! आधी खरे पासष्ट भरा!" वकील ओरडला.

पण इवल्याशा पंपाला ते झेपेना. बावन्नवर तो कण्हायला लागला, जळका वास सुटला आणि गप्प झाला. ताईने हात लावला, तर चटका बसला.

घरगाड्यांच्या त्या मुक्कामाच्या तळावरच्या बाकीच्या गाड्या पहाटेच निघून गेल्या होत्या. फाटकाशी एक दुकान होतं, पण त्याच्या शटरवर पाटी होती: अकरा वाजता उघडेल. चौघं शटरसमोर उभे राहिले. करण्यासारखं काहीच नव्हतं. ताईला वाटलं, घड्याळाचा काटा तरी थाप मारत असू दे!

"रडू नकोस गं," वकील चाचरत म्हणाला.

"रडत नाहीये. दोरी आण."

"दोरी?"

"कपडे वाळत घातलेत ती. बॅटरीपासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर मोजू. नवा मोठा पंप बॅटरीला लावावा लागला आणि तिथवर पोचला नाही तर?"

मामाचे ओले शर्ट गवतावर पडले आणि मोजलेल्या अंतरावर दोरीला गाठ बसली.

अकराला दुकानवाल्या काकूंनी शटर वर केलं. फळीवर दोन पंप होते. "हा चकचकीत घ्या," त्या म्हणाल्या. "बघा, दीडशेपर्यंत दाब देतो!"

मामाचा हात पुढे झाला. "बाबा, थांबा!" वकिलाने खोका उलटा केला. "जुन्यावरही दीडशेच लिहिलंय. काकू, हा न थांबता किती मिनिटं चालतो?"

काकूंनी चष्मा लावला. खोक्याच्या तळाशी मुंगीएवढी अक्षरं होती. "दहा मिनिटं चालवा, अर्धा तास थंड करा."

"आणि तो करडा?"

"तो? जड आहे रे, कुणी घेत नाही. चाळीस मिनिटं. पण त्याला डॅशबोर्डवरच्या सॉकेटची वीज पुरत नाही, चिमटे थेट बॅटरीला लावावे लागतात."

ताईने दोरी धरली. वायर आणि नळी मिळून गाठीच्या वीतभर पुढे गेली.

"हाच!" तिघं एकदम ओरडले.

मामाने इंजिन सुरू ठेवलं, बॅटरीला चिमटे लावले. करडा पंप घुमायला लागला. मामा दर दोन मिनिटांनी तो बंद करून काटा वाचत होता. अठ्ठावन्न. बासष्ट. पासष्ट! बंद केल्यावरही पासष्ट!

पावणेबाराला गाडी निघाली. चार तास ताई समोरच्या रस्त्याकडे बघत बसली. मामा वेग वाढवणार नव्हता, आणि तिने तसं म्हटलंही नाही.

पावणेचारला बंदराच्या फाटकाशी आई उभी होती. निळ्या कामाच्या कपड्यांत, सारखी वाटेकडे बघत. भुंगा जाऊन तिच्या कमरेला चिकटला तो सुटेचना.

"उशीर माझ्यामुळे झाला," मामा मान खाली घालून म्हणाला. "पोहोचलो ते मात्र या तिघांमुळे. तुझी लेक माझ्यापेक्षा शहाणी निघाली."

ताईने सात महिने कितीतरी साठवून ठेवलं होतं, पण ती पंपाबद्दलच बोलत सुटली. गर्दी, दोरी, दुकानवाल्या काकू, मुंगीएवढी अक्षरं! आई एकेक शब्द असा ऐकत होती, जणू तेच ऐकायला ती समुद्र ओलांडून आली होती.

"पंप थांबवून काटा वाचलास!" आईने तेलाचा वास येणाऱ्या हातांनी तिचा चेहरा धरला. "अगं, इंजिनावर नव्याने आलेल्यांना मला हे महिनाभर शिकवावं लागतं!"

तेवढ्यात भोंगा वाजला. आई हलली नाही. "अजून दोन मिनिटं आहेत," ती म्हणाली. "सांग, मग काकू काय म्हणाल्या?"