मधलं फूल

"काकू, अजून मशीन सुरूच केलं नाही मी. मग ठोके कशाने वाढले?"

फिजिओथेरपीवाली पोरगी मोबाइलवर माझ्या मनगटावरच्या पट्ट्याचा आकडा बघत होती, आणि मी दाराकडे. दारात ओला रेनकोट झटकत एक उंच म्हातारा उभा होता. केस पांढरे झाले होते, पण आत येताना चौकटीखाली मान वाकवायची सवय तीच... लंबू! इश्श, या वयात माझे कान गरम झाले.

बायपास झाल्यापासून मी जीव मुठीत धरून जगत होते. जिना चढताना छातीत जरा धडधडलं की पायरीवरच बसायचे. सून हात धरून व्यायामाला आणायची, आणि मी ट्रेडमिलवर अशी चालायचे, जणू खालच्या मजल्यावर कोणाचं तान्हं बाळ झोपलंय. आकडा थोडा वर गेला की बंद कर म्हणून पोरीच्या मागे लागायचे.

लंबू शेजारच्या मशीनवर चढला. शर्टाच्या गळ्यातून त्याचाही व्रण डोकावत होता.

"भिंगरी, तुझ्याही छातीला चेन लावली का?"

"लावली. तुझी नीट बसलीय, की अडकते?"

"बसली होती... आत्ता तुला बघून अडकली."

बघा! हे बोलणं याला कॉलेजात सुचलं असतं तर?

तेव्हा आम्ही बॅडमिंटनच्या मिश्र दुहेरीतले जोडीदार होतो. आमच्यात एकच नियम होता – फूल दोघांच्या मधे आलं, तर ज्याला घ्यायचं त्याने "माझं" म्हणायचं. अंतिम सामन्यात शेवटच्या गुणाला ते वर गेलं आणि अगदी मधोमध आलं. मला वाटलं तो घेईल, त्याला वाटलं मी. दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, आणि फूल आमच्या पायांत पडलं. हरलो, आणि वेड्यासारखे हसत सुटलो.

पुढे घरच्यांनी माझं लग्न ठरवायला घेतलं, तेव्हाही तेच. मी त्याला सांगितलं. तो फक्त "अच्छा" म्हणाला. तो बोलेल म्हणून मी थांबले, मी बोलेन म्हणून तो. आजी म्हणायचीच, भीड भिकेची बहीण. संसार चांगला झाला माझा, खोटं का बोलू? नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली; लंबूचीही बायको आता नाही. पण ते फूल मनात तसंच पडून होतं.

पाऊस ओसरला तोवर शेजारी-शेजारी चालणं अंगवळणी पडलं होतं. मग एके सकाळी त्या पोरीने बाजूच्या हॉलमध्ये नेट बांधलं. पलीकडे ती आणि माझी सून, अलीकडे आम्ही. मला धडकीच भरली. लंबू हळूच म्हणाला, थांबावंसं वाटलं तर दोघं मिळून थांबू. पण रॅकेट हातात आली आणि मनगटाला सगळं आठवलं.

सुनेने फूल उंच उडवलं. ते बरोबर आमच्या मधे उतरायला लागलं. माझी छाती धडधडली... आणि लंबू? रॅकेट खाली धरून माझ्याकडे बघत उभा. तसाच, तेव्हासारखा!

"माझं!" मी ओरडले आणि धावले.

फूल थेट जाळीत.

"घालवलंस," तो म्हणाला.

"घालवलं तर घालवलं. बोलले तर खरी." मला धाप लागली होती, पण बसावंसं वाटत नव्हतं. "तेव्हाच बोलायला हवं होतं. मला तू हवा होतास, लंबू. अजूनही हवा आहेस."

सून जाळीशी वाकून चपलेचा पट्टा फार वेळ नीट करत राहिली.

"रोज घरून ठरवून निघतो, आज विचारायचंच म्हणून," लंबू म्हणाला. "इथे तू दिसलीस, की चेन अडकते."

"मग आता विचार."

"लग्न करशील माझ्याशी?" त्याने माझा हात धरला. घामेजलेला होता... त्याचाच.

"काकू, ठोके फार वाढलेत," पलीकडून पोरगी म्हणाली. "थांबा बघू."

"वाढू देत ग," मी म्हटलं. "एवढं फाडून शिवलं, ते कशासाठी मग?"