चालते राहू दे

झुंबरबाईंनी एकदा शिवेवरच्या लक्ष्मीआईला नवस बोलला होता. मालकांच्या अंगावरून वारं गेलं, डावी बाजू लाकडासारखी झाली, तेव्हाची गोष्ट. ओल्या लुगड्यानिशी त्या देवळाच्या पायरीशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आई, यांना चालते राहू दे. खणानारळानं तुझी ओटी भरीन."

नवस बोलताना घाई करू नये, शब्द नीट निवडावेत, असं सासूनं त्यांना सांगून ठेवलं होतं. पण नवरा खाटेवर पडलेला असताना शब्द कोण निवडत बसतं?

आईनं ऐकलं. वैजनाथ उठले, भिंत धरून चालायला लागले. एक पाऊल टाकायचं, दुसरं ओढायचं. ठप... सर्र. ठप... सर्र. झुंबरबाईंनी डोळे पुसत पुसत ओटी भरली.

वैजनाथांना त्याचं काय! राहात्याच्या बाजारात त्यांनी जन्मभर पेरूची खरेदी केली होती. शेतकऱ्यानं कॅरेट पुढं ठेवलं की एक पेरू उचलायचा, उलटासुलटा बघायचा आणि जिभेनं नुसतं 'च्यक्' करायचं. तेवढ्यानं समोरच्याचं तोंड उतरायचं, आणि मालाचा भावही. पुढं पुढं जिभेला ती सवयच जडली. कालवणाला च्यक्, पाहुण्यांना च्यक्, देव्हाऱ्यातल्या दिव्याला च्यक्.

"ती शेंदराची धोंड चालवनार व्हय मला?" ते बायकोला म्हणायचे. "माझ्या हिमतीवर उठलो मी. नारळाची तेवढी चटनी कर."

मग नगरच्या एका दवाखान्याकडून संस्कृती नावाची मुलगी आली. तिनं वैजनाथांच्या मनगटावर एक काळा पट्टा बांधला. घड्याळासारखाच, पण बिनतोंडाचा.

"येळ दावत न्हाई, मग काय दावतो ह्यो?"

"आजोबा, दवाखान्यात सगळेच चांगले चालून दाखवतात. घरी गेल्यावर कोण किती हिंडतं-फिरतं, ते आम्हाला कळत नाही. त्याचंच संशोधन चाललंय आमचं. खालच्या बाजूला हिरवा दिवा आहे बघा, कातडीला टेकला तरच लागतो. काढून ठेवलात तर आम्हाला लगेच समजेल." तिनं भिंतीला एक पांढरी डबी लावली. पट्ट्याचं मोजमाप त्या डबीतून परस्पर दवाखान्यात जाणार होतं.

"मी आख्खा बाजार मोजला, आन् ही चिमनी मला मोजनार! च्यक्."

संस्कृतीही काही कमी नव्हती. बहिऱ्याशी बोलावं तशी ती झुंबरबाईंना म्हणाली, "आजी, बकरीच्या गळ्यात नका बांधू हं! एका गावात बांधला होता. वर आम्हालाच सांगतात, तब्येत सुधारली!" आणि हसली. झुंबरबाईंनी चहा पुढं केला. माणसांना तुच्छ लेखायला घरात एक जण होता तो पुरेसा होता, असं त्यांच्या मनात आलं.

दिवाळीच्या तोंडावर वैजनाथ झोपेतच गेले. शेवटची अंघोळ घालताना कुणीतरी पट्टा काढून झुंबरबाईंच्या हातात दिला. परक्याची वस्तू, हरवली तर जबाबदारी आपली. मालकांचा फोटो भिंतीवर लागला तेव्हा त्यांनी तो पट्टा फोटोच्या चौकटीलाच बांधून टाकला. दवाखान्याची ती मुलगी आली की देऊ म्हणाल्या.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. त्या तिन्हीसांजेला झुंबरबाई देव्हाऱ्यात वात लावत होत्या. घर इतकं शांत की काडी ओढल्याचा आवाजही मोठा वाटला. आणि कुठूनसा वास आला. नासलेल्या पेरूचा, आणि त्यातच मालकांच्या पायाला चोळायच्या तेलाचा.

परसात आवाज झाला. ठप... सर्र.

त्या दाराशी गेल्या. बाहेर कुणी नव्हतं. फक्त धुळीत एक लांब रेघ उमटली होती, ओढलेल्या पायाची उमटते तशी. बघता बघता ती रेघ वीतभर पुढं सरकली.

"मालक...?"

पाठीमागून, अगदी देव्हाऱ्यापासून, उत्तर आलं. च्यक्.

मग रोजच दिवेलागणीला ते सुरू व्हायचं. परसातून ओटीवर, ओटीवरून परसात. झुंबरबाई म्हणायच्या, "वाईच बसा की... दमला असाल." पावलं थांबायची नाहीत. जिवंतपणी ज्यानं बायकोचं कधी ऐकलं नाही, तो आता काय ऐकणार? पण एके दिवशी भाकरी थापता थापता त्यांचा हात परातीतच राहिला. 'जगू दे' असं आपण मागितलंच नव्हतं. 'चालते राहू दे' म्हणालो होतो. आईनं शब्द पाळला होता. मेलेल्या माणसाला विसावा नव्हता, आणि त्याला कारण आपल्याच तोंडचे तीन शब्द होते.

एका संध्याकाळी संस्कृतीची स्कूटी दारात थांबली. पोरगी खुशीत होती.

"आजी, आजोबा कुठायत? आमच्या सगळ्या पेशंटमध्ये पहिले आहेत ते! केवढं चालतात!"

मग तिला हार घातलेला फोटो दिसला. तोंडावरचं हसू मावळलं, आणि त्या जागी दुसरंच काहीतरी आलं.

"कधी गेले?"

"दिवाळीच्या आदी."

"मग इतके दिवस चालतंय कोण? बांधलात ना शेवटी बकरीला?"

"बकरी न्हाई पोरी आमच्यात..."

"आम्हाला काय वेडं समजता का? तुमच्यासारख्या अडाणी लोकांमुळे सगळं काम फुकट जातं आमचं!" बोलता बोलता हाराआड काहीतरी काळं दिसलं, तसा तिनं झेंडूचा हार बाजूला केला.

चौकटीला पट्टा होता. त्याच्या खालचा हिरवा दिवा लागलेला होता, आणि त्याचा उजेड फोटोतल्या वैजनाथांच्या ओठांवर पडला होता.

"हा... कातडीशिवाय लागत नाही," ती पुटपुटली. तिनं पट्टा ओढून काढला. दिवा तसाच. "बिघडलाय." पट्टा पिशवीत टाकून तिनं चेन लावली. "बिघडलाय, दुसरं काय."

च्यक्.

ती गर्रकन वळली. "काय म्हणालात?"

"मी काईच न्हाई म्हनले, पोरी... ठिवून जा तो. नगं नेऊस."

"दवाखान्याचा आहे तो," असं म्हणून ती निघाली. झुंबरबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. स्कूटीच्या पाठोपाठ ठप... सर्र... रस्त्यापर्यंत गेलं, लांब गेलं, मग ऐकू येईना.

घर रिकामं झालं. झुंबरबाईंना हायसं वाटलं आणि त्याची लाजही वाटली. पोर उद्धट खरी, पण लेकराच्या वयाची. त्यांनी देव्हाऱ्यापुढं पदर पसरला. या खेपेला घाई केली नाही, शब्द तोंडात घोळवले.

"आई, लई चालले. आता यांना कुठंतरी बसू दे एकदाचं."

दुसऱ्या दिवशी, वात लावायच्या वेळेला, फोन वाजला. आवाज आधी ओळखूच आला नाही. त्यातली सगळी मिजास गेली होती.

"आजी... मी संस्कृती. पट्टा माझ्या खोलीवरच आहे. कालपासून जिन्यात कुणीतरी पाय ओढत... वर, खाली... वर, खाली..."

"आन् आता?"

"आत्ता थांबलं. एकदम थांबलं. आजी, माझ्या खाटेच्या पायथ्याशी गादी दबलीये... कुणी दिसत नाही... पण दबलीये. आणि पेरूचा वास..."

फोनमध्ये, अगदी कानाजवळ, आवाज आला. च्यक्.

झुंबरबाईंनी डोळे मिटले. कुठंतरी, म्हणालो होतो आपण. कुठं, ते सांगितलंच नव्हतं.

"पोरी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भिऊ नगं. आई ऐकती. पर शबूद धरून ऐकती. मला दोन्ही डाव शबूद जमले न्हाईत. तू शिकलेली हाईस. आता तू नवस बोल. त्यास्नी 'उठा' म्हनू नगं... उठले की पुन्यांदा चालत्याल. 'निजू दे' बी म्हनू नगं, तुझीच खाट हाय ती. नीट इचार कर... कुठं, कसं, कवापतुर, समदं सांग. ओटी मी भरीन. तू बोल, बाळा... आत्ताच बोल."